नळीवरचं तिसरं नाव

गुरुदत्त मोघ्यांना कुठलीही गोष्ट समजावून सांगायला जाऊ नये, हे अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळींना पहिल्याच गणपतीत कळायचं. तुम्ही तोंड उघडलं की तिसऱ्या वाक्याला तेच तुम्हाला समजावू लागत. मग विषय मोदकाच्या पारीचा असो नाहीतर मेडिकेअरचा. पुण्याची धातुशास्त्रातली इंजिनिअरिंगची पदवी, खडकीला दारूगोळ्याच्या कामावर तीन वर्षं, मग अमेरिकेत चौतीस वर्षं पोलादी पाइपांची नोकरी. आता वय पंचाहत्तर. माणूस वाईट नव्हता. कुणाला एअरपोर्टवर सोडायचं असेल तर न सांगता गाडी काढायचा. फक्त त्या अर्ध्या तासात पाहुण्याला विमानाचं इंजिन समजून घ्यावं लागायचं.

अशा माणसाला शेजारी मिळाला वेंडेल टीग. सुतारकाम केलेला, कमी बोलणारा, गुरुदत्तांहून तीन वर्षांनी मोठा. सव्वीस वर्षं दोघांच्या मध्ये एक कुंपण आणि गवत कापायचं एक सामायिक यंत्र होतं. मैत्री टिकली, कारण एकाला बोलायचं असायचं आणि दुसऱ्याला कुणी गप्प का म्हणून विचारलेलं आवडायचं नाही.

वेंडेलच्या गॅरेजमध्ये लाकडी खुंट्यांवर एक पिवळट नळी आडवी ठेवलेली असायची. पावणेतीन फूट लांब, मनगटाएवढी जाड, वर नेम धरायची दुमडती पट्टी. जर्मन पायदळाचं ते पॅन्झरफाउस्ट. पुढच्या तोंडाला नारळाएवढा स्फोटक गोळा बसवलेला असायचा. सैनिकानं नळी काखेत किंवा खांद्यावर धरायची, पन्नास-साठ पावलांवरून रणगाड्यावर गोळा सोडायचा आणि रिकामी नळी तिथंच टाकून पळायचं. एकदाच वापरायची वस्तू. वेंडेलचा बाप १९४५च्या एप्रिलात जर्मनीत रणगाडा चालवत होता. एका खेड्याच्या वेशीवर त्या रणगाड्याला हा गोळा लागला. पाचांतले तिघं आतच गेले. बाप वाचला. संध्याकाळी त्याला चराच्या कडेला ही नळी पडलेली सापडली. तोही सुतारच. त्यानं खिशातली सुतारी पेन्सिल काढली आणि नळीवर तिघांची नावं लिहिली.

पहिले दोघं त्याचे जुने सोबती होते. तिसरा त्याच दिवशी सकाळी बदली म्हणून आलेला. तुकडीच्या यादीत त्याचं नाव चढायच्या आत तो गेला. पुढे वेंडेलच्या मुलीनं, लोरेननं, बराच शोध घेतला. सैन्याची जुनी कागदपत्रं सेंट लुईसच्या सरकारी दफ्तराला लागलेल्या आगीत गेलेली. दोघांचा माग लागला, तिसऱ्याचा नाही. तो त्या रणगाड्यात होता याला जगात एकच पुरावा उरला होता, ती पेन्सिलची ओळ.

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला, वेंडेल नळी बाहेर काढायचा. मोघे पतिपत्नी मक्याची भाजलेली कणसं खायला त्याच्या पोर्चमध्ये जायचे. वेंडेल नळी मांडीवर घ्यायचा आणि हळूहळू सांगायला लागायचा, की आगीनं पत्रा जाळत तो गोळा आत शिरला, आणि...

"जाळत नाही, वेंडेल," गुरुदत्त मध्येच म्हणायचे. "तिथंच सगळे चुकतात. वितळवतही नाही. गोळ्याच्या आत धातूचा पोकळ शंकू असतो. स्फोट झाला की तो दाबानं उलटा होतो आणि त्याची सुईसारखी धार सुटते. वीतभर पोलाद! आणि भोक केवढं? अंगठ्याएवढं!"

हे सांगताना त्यांचा अंगठा दरवर्षी वर व्हायचा. वेंडेल मान हलवायचा, त्यांचं संपेपर्यंत थांबायचा आणि मग तीन नावं वाचायचा, प्रत्येकाबद्दल दोन-चार वाक्यं सांगत. सुलभाताई हातात कणीस तसंच धरून ऐकायच्या. गुरुदत्तही तिथंच असायचे, पण त्यांच्या डोक्यात शंकूचा कोन चालू असायचा. सव्वीस वर्षं पालथ्या घड्यावर पाणी.

मग वेंडेलच्या डोक्यातल्या गोष्टी निसटायला लागल्या. आधी चाव्या, मग गल्लीचं नाव, मग बायको जाऊन किती वर्षं झाली ते. मागच्या मेमध्ये नावं वाचताना त्यानं प्रत्येक अक्षराखाली बोट धरलं होतं. जूनमध्ये लोरेननं त्याला वृद्धांसाठीच्या एका निवासात हलवलं. तिथं शस्त्र ठेवायला परवानगी नव्हती, मग ते रिकामं का असेना. लोरेन शार्लटला छोट्या अपार्टमेंटमध्ये राहायची. राली शहराजवळच्या एका लहानशा युद्धसंग्रहालयानं नळी घ्यायचं कबूल केलं होतं, पण त्यांची नवी खोली तयार व्हायला ऑक्टोबर उजाडणार होता.

"तोवर तू ठेव, गुरू," वेंडेल म्हणाला. "तुला कळतं ही काय वस्तू आहे. माझ्या डोक्यात आता काही राहत नाही. लिहिलंय तेवढं बरं आहे."

गुरुदत्तांची छाती फुगली. तुला कळतं, हे वाक्य त्यांनी घरी येऊन दोनदा बायकोला सांगितलं.

नवरात्र आलं. मोघ्यांकडे खंडेनवमीला शस्त्रपूजा असायचीच. गुरुदत्तांचे वडील सांगलीला फिटर. त्या दिवशी ते हातोडी, पान्हे, कानशी घासून लख्ख करायचे आणि पाटावर मांडायचे. मळकं हत्यार देवीपुढे ठेवायचं नाही, ठेवलं तर वर्षभर ते हाताला लागतं, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत पाटावर व्हर्नियर कॅलिपर, लॅपटॉप आणि टोयोटाची किल्ली आली. त्याला शस्त्रपूजा म्हणताना गुरुदत्तांना दरवर्षी थोडं ओशाळल्यासारखं व्हायचं. या वर्षी मात्र घरात खरंखुरं शस्त्र होतं! जेवायला युनिव्हर्सिटीतली चार-पाच मुलं येणार होती. त्यांना सांगायला केवढं होतं.

आदल्या दिवशी सकाळी त्यांनी गॅरेजमध्ये वर्तमानपत्रं अंथरली. शेपटाकडच्या बाजूला लाल जर्मन अक्षरं होती, मागून ज्वाळा निघते, सावध राहा, अशा अर्थाची. ती अस्सल, ऐतिहासिक. त्यांच्यावर त्यांनी मास्किंग टेप लावली, अगदी कडा जुळवून. मग स्टील वूल घेतलं, जरा पितांबरी घेतली आणि उरलेली नळी एका टोकापासून घासायला लागले. गंज निघाला, ऐंशी वर्षांची काजळी निघाली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली होती, आणि चष्मा आत टेबलावर होता. शेवटी त्यांनी तेलाचा बोळा फिरवला. नळी अशी झाली की वडिलांनी पाठ थोपटली असती.

दुसऱ्या दिवशी पाटावर नळी, तिच्यावर हळदकुंकू, अंगणातल्या झेंडूची माळ. मुलं भोवती जमली. गुरुदत्तांनी शंकू समजावला, अंगठा वर केला. अनुष्का नावाची मुलगी मटेरियल सायन्समध्ये पीएचडी करत होती. ती वाकून नीट बघत होती.

"काका, इथे काही लिहिलेलं होतं का? दोन-तीन रेघा दिसतायत. पेन्सिलच्या वाटतात."

गुरुदत्त नळीवर वाकले. एका क्षणात त्यांना सगळं दिसलं: टेप, बोळा, वर्तमानपत्रावर पडलेला काळा चुरा. शत्रूची सूचना त्यांनी टेप लावून जपली होती, आणि मेलेल्या तिघांना पितांबरीनं घासून काढलं होतं.

"छे गं," ते म्हणाले. "गंजाचे डाग. चल, श्रीखंड घे."

इथून पुढचे दोन आठवडे हा माणूस कसा जगला, ते त्याचं त्याला ठाऊक. रोज सकाळी गॅरेजचं दार लावून ते नळी उजेडात तिरकी धरायचे. भिंग लावून पाहिलं. निळ्या प्रकाशाचा टॉर्च मागवून पाहिला. फोनमधले फोटो उघडून बघितले, कारण जूनमध्ये त्यांनी नळीचे चाळीस फोटो काढले होते. नेमपट्टीचे सहा, घोड्याचे नऊ, जोडाच्या वेल्डिंगचे अकरा. नावांच्या बाजूचा एकही नाही. पहिली दोन नावं त्यांना आठवत होती, ओटिस बेल आणि ली हॅमंड. तिसऱ्याशी आलं की डोक्यात नुसता शंकू यायचा.

सरळ वेंडेलला जाऊन सांगायला काय हरकत होती? माझ्या हातून घाण झाली, मला माफ कर. पाच मिनिटांचं काम. पण आयुष्यभर ज्यानं दुसऱ्याच्या चुका दुरुस्त केल्या, त्याला स्वतःची चूक कुठल्या तोंडानं सांगायची तेच ठाऊक नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत त्यांनी मूठ आवळून ठेवली. बायकोलाही विचारलं नाही. विचारलं तर सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर, त्या नळीबद्दल सुलभाला काही माहीत असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही.

मग लोरेनचा फोन आला. सोमवारी संग्रहालयाचा माणूस नळी न्यायला येणार. "रविवारी दुपारी बाबांकडे घेऊन याल का? त्यांना शेवटचं बघू दे. तिथल्या मॅनेजरनं खास परवानगी दिलीय. आणि नावं मला लिहून घ्यायचीत. पाटीवर घालणार आहेत ते. शोध घेतला तेव्हाची माझी वही हरवलीय, आणि तिसरं नाव बाबांना आता आठवत नाही, मलाही नाही."

रविवारी नळी चादरीत गुंडाळून दोघं गेली. वेंडेल खिडकीशी खुर्चीत बसला होता. अंगानं अर्धा झालेला. गुरुदत्तांना त्यानं ओळखलं, सुलभाताईंना बघून हसला. नळी मांडीवर आल्यावर त्यानं तिच्यावरून तळहात फिरवला.

"अगदी स्वच्छ दिसतेय," लोरेन म्हणाली.

"तेल लावलं जरासं. गंज धरतो ना," गुरुदत्त म्हणाले.

"वाच, गुरू," वेंडेल म्हणाला. "मला आता दिसत नाही."

लोरेननं वही उघडली. गुरुदत्तांनी नळी उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि चकचकीत धातूकडे बघत वाचायला लागले.

"सार्जंट ओटिस बेल."

"ओटिस," वेंडेल म्हणाला.

"ली हॅमंड."

"ली. हो."

लोरेनचं पेन थांबलेलं. वेंडेलचे डोळे त्यांच्या तोंडाकडे, शाळेतलं मूल बाईंकडे बघतं तसे. आता सांगता आलं असतं. पण गुरुदत्तांच्या तोंडातून जे बाहेर पडलं, ते त्यांच्या जुन्या मॅनेजरचं नाव होतं. घाईत दुसरं कुठलं सापडलं नाही.

"एड मॉरिसन."

वेंडेलच्या कपाळाला आठी पडली. "एड मॉरिसन?" ओठातल्या ओठात त्यानं ते दोन-तीनदा घोळवलं. "असं आहे होय. मला वेगळंच काहीतरी वाटत होतं. बघ, लिहिलेलं होतं म्हणून. नाहीतर मी त्याला हरवलाच असता."

लोरेन वाकून नळीकडे बघत होती. "मला तर काहीच दिसत नाही."

"पेन्सिल आहे. तिरकं धरावं लागतं," गुरुदत्त म्हणाले आणि नळी चादरीत गुंडाळून कोपऱ्यात उभी केली.

वेंडेलनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि थँक यू म्हटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. गुरुदत्तांना तो हात सोडवून घ्यावासा वाटला, इतकी त्यांना स्वतःची शिसारी आली.

गाडीत बसल्यावर सुलभाताईंनी सीट बेल्ट लावला नाही.

"अहो, एड मॉरिसन हे तुमच्या ऑफिसातलं नाव. तुम्हाला ले-ऑफ दिला तो."

"योगायोग असतो गं."

"नळीवर काही नाहीये. तुम्ही घासलीत ना ती? खंडेनवमीला? मला त्याच दिवशी डाउट आला होता. म्हटलं, तुम्ही केलं असेल काहीतरी सॉर्ट आउट." त्या थांबल्या. "ऑर्विल पेक."

"काय?"

"तिसऱ्याचं नाव. ऑर्विल पेक. एकोणीस वर्षांचा होता. नवीन बूट लागत होते, पायाला फोड आले होते, म्हणून रणगाड्यात बसल्यावर त्यानं बूट काढून ठेवले होते. नुसत्या मोज्यांवर गेला तो. दरवर्षी सांगायचे वेंडेल. तेव्हाही तुमच्या डोक्यात ते भोकच असायचं."

काउंटी लायब्ररीत बावीस वर्षं काढलेली बाई. तिच्या डोक्यात एकदा नाव गेलं की जागेवर राहायचं. दोन आठवडे गुरुदत्त जे भिंगातून शोधत होते, ते स्वयंपाकघरात त्यांना चहा करून देत होतं.

"मला एकदा विचारायचं तरी होतं," त्या म्हणाल्या. मग दार उघडून खाली उतरल्या. "चला. अजून ती वही तिथंच आहे."

"अगं, थांब. आत्ता कसं सांगायचं? मी नंतर फोन करतो लोरेनला. नीट समजावून..."

पण त्या चालू लागल्या होत्या. गुरुदत्त मागोमाग गेले. खोलीत लोरेन पर्स आवरत होती. सुलभाताई सरळ वेंडेलच्या खुर्चीपाशी गेल्या आणि वाकल्या.

"वेंडेल, तो मुलगा. नवीन बूटवाला. बूट काढून बसला होता. त्याचं नाव ऑर्विल होतं ना? ऑर्विल पेक?"

नवऱ्याचं नाव त्यांनी काढलं नाही. पितांबरीचं काढलं नाही. तेवढी वाट त्यांनी नवऱ्यासाठी मोकळी ठेवली होती. काही नाही, वाचताना चुकलो, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

वेंडेलच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "बूट," तो म्हणाला. "हो. बूट होते." त्याचा हात हवेत कशाला तरी धरू बघत होता. "ऑर्विल..." मग त्याला खात्री वाटेना. गेली दोन वर्षं स्वतःच्या डोक्यानं त्याला इतक्यांदा फसवलं होतं, की त्यानं त्याचं ऐकणंच सोडलं होतं. तो गुरुदत्तांकडे वळला.

"गुरू, काय लिहिलंय त्यावर?"

लोरेनही बघायला लागली. कोपऱ्यात चादरीतली नळी उभी होती. आता नाव बदलायचं म्हणजे मघाशी डोळ्यांसमोर धरून काय वाचलं ते सांगावं लागणार. मग चादर सोडावी लागणार.

"एड मॉरिसन," गुरुदत्त म्हणाले. "स्पष्ट लिहिलंय. सुलभाचा काहीतरी घोटाळा होतोय. तिला यातलं फारसं..."

पुढचं त्यांनी गिळलं. सगळ्यांना ते कळलंच.

लोरेननं सुलभाताईंच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला, वय झालेल्या माणसांच्या खांद्यावर ठेवतात तसा. "इतकी वर्षं झाली. होतं असं," ती म्हणाली. वेंडेल पुन्हा खुर्चीत मागे टेकला. "सॉरी, सुलभा. त्यानं वाचलंय ना," तो पुटपुटला.

पार्किंगमध्ये येऊन सुलभाताईंनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि मागे बसल्या. घरी पोचेपर्यंत गुरुदत्तांनी दोनदा सांगितलं, की उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे लोरेनला फोन. सोमवार आला आणि गेला.

आता नळी काचेत आहे. पाटीवर तीन नावं आहेत, तिसरं एड मॉरिसन. नव्या वर्षात संग्रहालयानं गुरुदत्तांना दर शनिवारी माहिती सांगायला येण्याची विनंती केली, विषयातला असा जाणकार माणूस त्यांना कुठून मिळणार! सुलभाताई एकदाही गेल्या नाहीत. वेंडेल फेब्रुवारीत गेला.

शनिवारी गुरुदत्त आधी शंकू समजावतात. पण लोक त्याला कंटाळतात, हे एवढ्या वर्षांनी त्यांच्या लक्षात आलंय. म्हणून हल्ली ते तिसऱ्या नावावर बोट ठेवून सांगतात, की हा पोरगा त्याच सकाळी आला होता, नवीन बूट लागत होते, काढून ठेवले होते, नुसत्या मोज्यांवर गेला. तेव्हा मात्र सगळे गप्प होऊन ऐकतात. परवा एका म्हाताऱ्या बाईनं डोळे पुसत विचारलं, एड कुठला होता हो?

गुरुदत्तांचं बोट अजून पाटीवरच होतं.

"ओहायोचा," ते म्हणाले. मॉरिसनसाहेब ओहायोचेच होते.